सोळा आठवड्यांचा कोच

१

भिंग्याचा शनिवार दुपारी एकला उजाडायचा. म्हणजे तसा तो सातलाच उठायचा आणि साडेआठला चष्म्याच्या दुकानात हजर असायचा, मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनसमोर. पण खरा दिवस एकला. एक वाजला की मशीन बंद, हात पुसायचे, मोबाइल काढायचा. कारण शनिवारी एकला आठवड्याचा हिशोब यायचा.

हिशोब कसला, तर त्याच्या फुटबॉल क्लबचा. ऑनलाइन खेळ होता. आता फुटबॉल म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, पठ्ठ्या धडाधड गोल मारत असेल. छे! यात बॉलला पाय लावायचाच नाही. मॅच आपोआप होते, तुम्ही नुसता निकाल वाचायचा. तुमचं काम काय, तर कोच नेमा, कोच काढा, पगार भागवा, तिकिटांचे दर ठरवा, सराव किती जोरात घ्यायचा ते ठरवा. बघणाऱ्याला वाटावं, ह्याने ऑफिस घरी आणलंय. पण भिंग्या चार वर्षं त्यात गळ्यापर्यंत बुडालेला होता.

दुकानात त्याच्या बरोबरीचं एकच माणूस. काउंटरवर फ्रेमा दाखवणारी मुलगी. तिचाही क्लब होता, त्याच लीगमध्ये, आणि तिने तीनदा लीग जिंकली होती. म्हणून तिला सगळे चॅम्पियनच म्हणायचे. मालकसुद्धा.

"ए भिंग्या, नवा कोच घेतलास म्हणे?" चॅम्पियन डबा घेऊन आत आली.

"घेतला! अतिउत्तम दर्जाचा. आणि पगार बघ, पगार."

तिने बघितलं. चमचा हवेतच थांबला. "एवढासा? ह्याला कोणी पळवून आणलाय का?"

"सोळा आठवड्यांचा करार केला ना. करार जितका लांब, तितका पगार कमी. डोकं लागतं त्याला."

"डोकं? अरे वेड्या, सोळा आठवडे! मी चारच्या वर जातच नाही. लांब करारात सरावाचे सगळे अधिकार कोचकडे जातात. आणि मधेच काढायचा झाला तर भरपाई वाचलीस?"

"काढायचा कशाला? माणूस बघ तरी."

माणूस बघण्यासारखा नव्हता. या खेळात कोचचा चेहरा कॉम्प्युटर बनवतो. कुठलं तरी नाक, कुठले तरी डोळे, कुठल्या तरी मिशा, सगळं एकत्र चिकटवायचं. ह्याच्या चौकोनात मात्र पाठमोरं डोकं होतं. बारीक कापलेले केस आणि जरा जास्तच लांब मान.

"लाजतोय बिचारा," चॅम्पियन म्हणाली, आणि दोघं हसली.

त्या दिवशीच्या हिशोबात खर्चाची एक नवी ओळ होती. कोचची राहण्याची सोय : शून्य. पुढे बारीक अक्षरात, "सोय झाली."

फुकटात झाली म्हटल्यावर भिंग्या कशाला डोकं खाजवतोय?

२

घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर, बाहेरची खोली आणि आतली खोली. आतल्या खोलीत बाबा.

बाबा मीटर रीडर होते. सव्वीस वर्षं इमारतीच्या इमारती चढायच्या, वहीत आकडे टिपायचे, उतरायचं, पुढची इमारत. शहरात असा जिना नसेल ज्याला बाबांची चप्पल माहीत नाही. आणि सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता खाली बसले ते बसलेच. झटका. लकव्याने अडलेली जीभ महिनाभरात सुटली, पण उजवा पाय गेला. पलंगापासून खुर्ची आणि खुर्चीपासून पलंग, एवढंच शहर उरलं.

डॉक्टर म्हणाले होते, वर्षाच्या आत चालले तर चाललेच, नाहीतर अवघड आहे. घरात आता सगळं त्या एका वाक्यावर चालायचं. आई पाळणाघरात कामाला होती, दोनला परत यायची. तोवर बाबा एकटे. खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकांकडे किल्ली असायची, ते मधे एकदा डोकावून जायचे.

गुरुवारी खेळात सरावाचा अहवाल येतो. ठरलेली, छापील वाक्यं असतात. "खेळाडूंनी मेहनत घेतली." "बचावफळी सुधारते आहे." असलंच काहीतरी. भिंग्याने जेवता जेवता अहवाल उघडला.

"खेळाडू उजवा पाय ओढतो. भिंतीचा आधार काढला आहे."

त्याने बावीसच्या बावीस खेळाडू तपासले. एकही जखमी नव्हता. आणि फुटबॉलच्या मैदानात भिंत कुठून आली? खेळ बनवणाऱ्यांनी नवी वाक्यं घातली असतील, तीही अशी गचाळ, असं म्हणून त्याने पुढचा घास घेतला.

"बाबा आज खुर्चीवरून आपले आपण उठले," आई म्हणाली. बोलता बोलता तिने पाठ फिरवून गॅस पुसायला घेतला. पुसलेलाच होता.

३

तीन आठवडे असेच गेले. मंगळवारी दुकान बंद. त्या दिवशी फिजिओबाई यायच्या. जाड काचांचा चष्मा, बोलणं तोलूनमापून. त्यांनी बाबांची पोटरी दाबून बघितली, मग मांडी, मग परत पोटरी.

"व्यायाम कोण करून घेतं यांच्याकडून?"

"तुम्हीच की," भिंग्या म्हणाला.

"मी आठवड्यातून एकदा येते. हा रोजचा स्नायू आहे. रोज चार-पाच तास चालणाऱ्याचा." त्यांनी बाबांच्या डाव्या दंडावरची बाही वर केली. तिथे निळसर ठसे होते, ओळीने. "आणि असं दंडाला धरून ओढू नका त्यांना. आधार द्यायचा असतो, फरफटवायचं नसतं."

"बाई, आम्ही हातसुद्धा लावला नाही हो."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. खोटं बोलणाऱ्या नातेवाइकांकडे बघायची त्यांची एक नजर होती. बाबा छताकडे बघत होते.

त्या गेल्यावर भिंग्याने ठसे मोजले. सवयच ती, दिवसभर मिलिमीटर मोजणारा माणूस. बाहेरच्या बाजूला चार बोटं असायला हवीत. सहा होती.

दोनदा धरलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. एकदा चार, एकदा दोन. कोणी धरलं असेल, हा प्रश्न त्याने तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. आणि पाय तर सुधारत होता! पाय सुधारत असताना कोण तक्रार करणार?

४

टेलरकाकांनी केली.

"काय रे भिंग्या, वर काय कवायत चालते का तुमच्या?" जिन्यातच त्यांनी गाठलं. गळ्यात टेप, तोंडात टाचणी, तशीच बोलायची त्यांची पद्धत. "सकाळी तू गेलास, तुझी आई गेली, की सुरू. ठप ठप, ठप ठप. तीन-तीन तास. माझी शिलाई वाकडी होते."

"बाबा चालतात, काका. बरे होतायत."

"ते कळलं. आनंद आहे. पण दुसरा कोण असतो?"

"दुसरा?"

"चार पायांचा आवाज वेगळा असतो राजा, चाळीस वर्षं मी पायमशीन मारलंय. एक पाऊल अडखळतं, ते तुझ्या बाबांचं. दुसऱ्याची चाल एकदम सरळ. मी किल्लीने उघडून बघायला गेलो, तर आतल्या खोलीला आतून कडी. मालिशवाला ठेवलाय का?"

भिंग्याने "हो" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

मग तो वर गेला, आतल्या खोलीच्या दारापाशी उभा राहिला आणि त्याने दाराची आतली बाजू बघितली. त्या दाराला आतून कडी नव्हतीच. कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अहवाल : "खेळाडू थांबायची विनंती करतो. विनंती अमान्य. सराव शंभर टक्के."

५

आता भिंग्या काही खुळा नव्हता. शुक्रवारी दुकानात अकरा वाजता त्याने पोट दुखत असल्याचं सांगितलं आणि सटकला. चॅम्पियनने मागून आवाज दिला, "पोट कसलं, गोलकीपर विकायला चाललास ना?" तो हसलासुद्धा नाही.

जिन्याच्या दुसऱ्या मजल्यापासूनच ऐकू आलं. ठप ठप. ठप ठप. काकांचं बरोबर होतं. एक पाऊल अडखळायचं, एक सरळ पडायचं.

त्याने बाहेरचं दार आवाज न करता उघडलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, हाताच्या पंजाएवढी फट. लख्ख ऊन होतं खोलीत. खिडकी उघडी, वाळत घातलेला टॉवेल, पाण्याचा तांब्या, सगळं जागच्या जागी.

बाबा फटीसमोरून गेले. ताठ. हात न टेकता, काठी न घेता. भिंग्याच्या छातीत आनंदाचा एक झटका आला, खोटं कशाला बोला. मग ते वळून परत आले आणि त्याने नीट बघितलं.

बाबांचा डावा दंड वर उचललेला होता. बाही गोळा होऊन आत दबली होती, जशी मुठीत दबते. पायांच्या टाचा जमिनीला लागतच नव्हत्या, नुसते चवडे घासत जायचे. आणि डोळे मिटलेले. तोंड अर्धवट उघडं, घशातून घोरण्याचा बारीक आवाज.

बाबा झोपलेले होते. त्यांना चालवलं जात होतं.

भिंग्याने दार ढकललं. ढकललं जाईना. पलीकडून कोणीतरी शांतपणे, काही घाई नसल्यासारखं, दार धरून ठेवलं होतं. फटीत वरच्या बाजूला, जिथे माणसाचं डोकं पोचणार नाही इतक्या वर, त्याला बारीक कापलेल्या केसांचा मागचा भाग दिसला. डोकं वळायला लागलं.

भिंग्याने डोळे मिटून घेतले. मिटले म्हणून तो आज आहे, असं त्याला नंतरही वाटत राहिलं.

उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं, बाबा पलंगावर, पायांचे तळवे सोललेले.

६

"आई, बाबा झोपेत चालतात."

"चालतात ना?" आई म्हणाली. "मग चालू दे की रे! सात महिने मी दुसरं काय मागितलं?"

"त्यांचे पाय बघ. गालफडं बघ, किती आत गेलीत."

"बरं होताना माणूस खंगतो," ती म्हणाली, पण नजर चुकवून.

बाबांना त्याने एकट्याला विचारलं. त्यांनी सोललेले पाय चादरीखाली ओढून घेतले. मग म्हणाले, "मला आधी छान वाटलं रे. पाय हलला. मी म्हटलं, घ्या अजून घ्या. आता मी म्हणतो पुरे, तर सर ऐकत नाहीत." डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. "मला झोपू दे की रे. एवढं सांग ना त्यांना. तू मोठा आहेस त्यांच्याहून, असं ते म्हणाले. तू नेमलंयस म्हणाले."

भिंग्या उठला, बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. लकव्यानंतर माणसाला भास होतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण डॉक्टरांना कुठे माहीत होतं, भिंग्याने कोणाला नेमलंय ते?

सरावाचा जोर कमी करायचा पर्याय करडा पडला होता. "अधिकार कोचकडे." क्लबच बंद करायला गेला, तर उत्तर आलं, "करार चालू असताना क्लब बंद करता येत नाही." मोबाइलवरून खेळ उडवला, तर दुसऱ्या दिवशी नऊलाच वर ठप ठप सुरू, असं टेलरकाका म्हणाले. त्याने खेळ परत घेतला. एकच वाट होती : कोचला मुक्त करायचं आणि उरलेल्या अकरा आठवड्यांची भरपाई द्यायची. अठरा लाख. खेळातलीच नाणी, पण क्लबच्या तिजोरीत होती अडीच.

"विक," चॅम्पियन म्हणाली. तिला त्याने काहीच सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणाला होता की हा कोच मला नको. ती मात्र त्याच्या तोंडाकडे बघून चेष्टा विसरली. "खेळाडू विक. बोली लावायला तीन दिवस मिळतात, पैसे शनिवारच्या हिशोबात येतात. मी दोघांवर बोली लावते."

"तुला हवेत?"

"मला कशाला हवेत तुझे लंगडे घोडे? तू विक."

त्याने बारा विकले. पुरेना. अठरा विकले. शेवटी गोलकीपरही काढला, ज्याला त्याने सतराव्या वर्षापासून वाढवलं होतं, चार वर्षं एकही मॅच न चुकवलेला. बावीसच्या बावीस. शुक्रवारी संध्याकाळी बेरीज केली, अठरा लाखांवर थोडे उरत होते.

"उद्या एकला तुम्ही मोकळे, बाबा," तो म्हणाला. बाबांनी त्याचा हात धरला. हाताला ताकद भलतीच आली होती.

७

शनिवारी मालकाने सुट्टी दिली नाही. पोटदुखीच्या दिवसाचा राग होता. भिंग्या मशीनसमोर बसून घड्याळ बघत राहिला, दोन काचा चुकीच्या घासल्या, तिसरी फोडली. बारा पन्नासला चॅम्पियन येऊन शेजारी उभी राहिली.

एक वाजला. हिशोब आला. खेळाडू विक्री, खेळाडू विक्री, खेळाडू विक्री, लांबच लांब यादी, आणि खाली शिल्लक. पुरेशी!

त्याने कोचचं पान उघडलं. पाठमोरं डोकं. खाली बटण, "मुक्त करा." दाबलं. खात्री करणारी चौकट आली. असल्या चौकटी त्याने चार वर्षांत दोनशे वेळा न वाचता दाबल्या असतील. आज मात्र वाचली. एकेक शब्दावर बोट ठेवून वाचली.

"पूर्ण भरपाई स्वीकारली. जाताना कोच आपल्या हाताखालचा एक खेळाडू सोबत नेतील. मान्य?"

"ने की लेका!" भिंग्या जवळजवळ ओरडलाच. "कोणाला नेतोस? एक शिल्लक ठेवलेला नाही मी!"

चॅम्पियन हसली. तोही हसला, किती दिवसांनी. आणि त्याने "मान्य" दाबलं.

पान पुसलं गेलं. कोच : रिकामं. त्याने समाधानासाठी संघाचं पान उघडलं, ते मोकळं मैदान एकदा डोळे भरून बघावं म्हणून.

खेळाडू : १.

नाव नव्हतं. वय त्रेसष्ट. उजवा पाय : उत्तम. ओळ त्याच्या डोळ्यांसमोर फिकी होत गेली आणि आकडा शून्य झाला.

"हे काय होतं?" चॅम्पियन म्हणाली.

फोन वाजला. टेलरकाका. आवाजात नुसता आनंद. "अरे भिंग्या! तुझे बाबा जिना उतरले! एकटेच, कठड्याला हात न लावता! मी हाक मारली तर बघितलं पण नाही, निघाले तरातरा मोठ्या रस्त्याकडे. पायात काही नाही बघ, तेवढं मात्र चुकलं. अरे, ऐकतोयस ना?"

भिंग्या केव्हाच दाराबाहेर पडला होता.

मोठ्या रस्त्याला लागायला त्याला चार मिनिटं लागली. भर दुपार, दुकानं उघडी, फुटपाथवर गर्दी. आणि लांबवर, पुढच्या सिग्नलच्याही पुढे, बाबांचा पांढरा सदरा. ताठ पाठ, वर उचललेला डावा दंड. समोरून येणारी माणसं बाबांना वाट देत होती, यात काही नवल नव्हतं. पण त्यांच्या डाव्या बाजूलाही ती हातभर जागा सोडून वळत होती, वर कुठेतरी बघून नजर खाली घालत होती आणि पुढे जात होती.

"बाबा!"

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. एवढं त्याला दिसलं. मान अर्धी वळली, आणि मग कोणीतरी ती हलकेच सरळ केली.

भिंग्या पळत होता. पंचवीस वर्षांचा पोरगा, जीव तोडून पळत होता. पुढे एक त्रेसष्ट वर्षांचा माणूस अनवाणी, झोपेत, नुसता चालत होता. आणि दोघांमधलं अंतर वाढत होतं.